बारदानावर बसणारे सर

माझ्या बी.एड.च्या इंटर्नशिपच्या प्रत्येक फोटोत एक टक्कल आहे. मी फळ्याशी उभी, अंगावर इस्त्रीची साडी, हातात खडू, चेहऱ्यावर सगळं येत असल्याचा आव. आणि पुढच्या बाकांवरच्या पोरांच्या डोक्यांमधून डोकावणारं ते टक्कल. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पाठाचा फोटो टाकायचा नियम होता. बाकीच्या मैत्रिणींचे फोटो नीटनेटके, कुणीही वरसंशोधनाला पाठवावेत असे. माझ्या फोटोखाली एकीनं विचारलं, "अगं, तुझ्या वर्गात कुणाचे आजोबा येऊन बसतात?"

ते आजोबा नव्हते, आमचे सर होते. शाळेचे गणिताचे सर, आणि त्या काही महिन्यांपुरते माझे साहेब. शिकाऊ शिक्षकाला शाळेत एका मुरलेल्या शिक्षकाच्या हाताखाली सोडतात. शिकाऊ माणूस पाठ घेतो आणि मुरलेला माणूस मागच्या बाकावर बसून तो बघतो, निदान बघतोय असं दाखवत मोबाइल चाळतो. आमचे सर मात्र पुढं बसायचे. फळ्याखाली, जमिनीवर, माझ्याकडं पाठ करून.

वर्गात येताना त्यांच्या काखेत बटाट्याचं एक बारदान असायचं. मंचरच्या बाजारातलं, कुणा आडत्याचा निळा शिक्का मारलेलं. ते अंथरायचं, वर मांडी घालायची आणि पोरांकडं तोंड करून बसायचं. मी फळ्यावर काय लिहिते, हातवारे कसे करते, तक्ता सरळ टांगलाय की वाकडा, यातलं त्यांना काही म्हणता काही दिसायचं नाही. पहिल्या पाठाला मी न राहवून मध्येच विचारलं, "सर, तुम्हाला माझा पाठ दिसतोय का?"

"दिसतोय की," ते मान न वळवता म्हणाले. "पोरांच्या तोंडावर समदा दिसतोय. आत्ताच तिसऱ्या बाकावरनं निघून गेला."

पोरं फिदीफिदी हसली. मला मात्र त्या टकलावर डस्टर मारावासा वाटला.

मी अवसरी बुद्रुकची सून. नवऱ्याची तरकारीची शेती, गोठ्यात जनावरं, आणि बी.एड. करायचं हे खूळ सर्वस्वी माझं. लेक बालवाडीत जायला लागली तेव्हा मी हट्टाला पेटले. सासूबाई दुष्ट नव्हत्या, त्यांचे फक्त गुडघे गेले होते. त्यांनी सरळ सांगितलं, "दोन वर्सं पोरीला मी सांभाळते. तिसरं वरीस मागायचं न्हाई. पास झालीस तर मास्तरीण हो. न्हाई तर हायेच आपलं गवत आन शेण." त्यात धमकी नव्हती, हिशोब होता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पुण्याहून परीक्षक येणार, माझा एक अंतिम पाठ बघणार, आणि त्यात बुडाले तर पुन्हा पुढल्या वर्षी. पुढलं वर्ष माझ्याकडं नव्हतं.

म्हणून महाळुंगे पडवळच्या पलीकडची ती शाळा वाट्याला आली तेव्हा मैत्रिणींनी माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. तिथले सर महिना महिना खडूला हात लावू देत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

ख्याती खरी होती. पहिल्या दिवशी मी काखेत गुंडाळलेले तक्ते, पिशवीत पुठ्ठ्याचे घन आणि शंकू, खांद्याला पर्स अशा थाटात वर्गाच्या दारात उभी राहिले. सरांनी फक्त एक भुवई वर केली.

"हे काय?"

"शैक्षणिक साहित्य, सर."

"ठेवा कोपऱ्यात. आन बसा."

मी खुर्ची शोधू लागले. "तिकडं न्हाई," ते म्हणाले. "खिडकीकडंचा तिसरा बाक. तिथलं पोरगं आज आलं न्हाई, त्याच्या जागी बसा."

मी सहावीतल्या बाकावर गुडघे मुडपून बसले. शेजारच्या मुलीनं दप्तर ओढून मला जागा केली आणि माझ्या बांगड्या मोजायला घेतल्या. तासाला सरांनी गृहपाठ दिला. मी अर्थातच केला नाही. दुसऱ्या दिवशी सर वह्या बघत माझ्यापर्यंत आले आणि हात पुढं केला.

"सर, मी ट्रेनी आहे."

"ते दिसतंय. गृहपाठ?"

तो मी मधल्या सुट्टीत बसून केला, आणि त्यातलं एक गणित चुकलं. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली, ती पाहायला अख्खा वर्ग जमला. त्या दिवसापासून पोरं मला आपल्यातलीच समजू लागली, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. तेव्हा फक्त राग आला होता.

रोज वेगळा बाक. ज्याची गैरहजेरी त्याची जागा. शिकवायचं नाही, बोलायचं असेल तर हात वर करायचा, खिचडीच्या रांगेत पोरांबरोबर उभं राहायचं. खिडकीकडच्या बाकावर बसल्यावर मला दिसलं की दुपारनंतर ऊन येऊन अर्धा फळा नुसता चकाकतो, त्यावरचं अक्षर लागत नाही. मी मोठा शोध लावल्यासारखी सरांना सांगायला गेले. "व्हय," ते म्हणाले. "म्हणून दुपारी मी भिंतीकडंच्या अंगाला लिवतो. आता हे तुमाला सांगायला लागणार न्हाई."

मधल्या काळात मंचरच्या शाळांमध्ये गेलेल्या माझ्या मैत्रिणींचे निम्मे पाठ उरकले होते आणि माझा एकही झालेला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन तक्रार केली, अगदी हातवारे करून. मुख्याध्यापक शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, मी इथं शिकाऊ म्हणून आलो तवा ह्याच सरांनी मला सहा आठवडे बसवलं व्हतं. मीबी असाच मागच्या साहेबांकडं आलो व्हतो भांडायला. दम धरा." तक्रार तिथंच मिटली.

खरं तर पोरांना आमच्यासारख्यांचं नवल उरलेलं नव्हतं. दरवर्षी शिकाऊंची नवी खेप येते, त्यामुळं ती आम्हाला कोळून प्यायलेली. पाठाच्या सुरुवातीला आम्ही आडवळणाचे प्रश्न विचारतो, मुलांच्या तोंडून विषयाचं नाव काढून घ्यायचं म्हणून. माझ्याबरोबर त्याच शाळेत आलेल्या एकीनं विज्ञानाच्या तासाला गोड आवाजात विचारलं, "मुलांनो, सकाळी उठल्यावर आपण तोंड कशानं धुतो?" एक जण उठला आणि म्हणाला, "पाण्यानं. मॅडम, आज पाण्याचे गुणधर्म ना? लिवा फळ्यावर, आमी वह्या काढतो." ती बिचारी रडकुंडीला आली. सर बारदानावर बसून पोट धरून हसत होते.

टाकून दिलेल्या तक्त्यांचं ते काय करायचे तेही सांगण्यासारखं आहे. शिकाऊ मंडळी जाताना तक्ते शाळेतच सोडून जातात. सर ते पोरांना वाटून टाकायचे, पुस्तकांना कव्हर घालायला. त्यामुळं आमच्या सहावीत हिंदीच्या पुस्तकावर माणसाचं जठर आणि इतिहासाच्या पुस्तकावर फुलाचा उभा छेद असायचा. माझ्या घन-शंकूंचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

त्यांची मला सर्वांत जाचणारी सवय म्हणजे मधल्या सुट्टीतला प्रश्न. डबा उघडायच्या आत ते विचारायचे, "आज गप्प कोण व्हतं?"

सुरुवातीला मी कौतुकानं सांगायची, "सर, श्रावणीनं किती छान उत्तर दिलं ना!" श्रावणी म्हणजे पहिल्या बाकावरची, तोंडाचा पट्टा सतत चालू असलेली पोर. सर हात झटकायचे. "बोलणारी मला म्हाईत हायेत. त्यांना तुमी नसला तरी चालतं. गप्प कोण?"

मला सांगता यायचं नाही. मग भाकरीचा घास तोंडात तसाच फिरत राहायचा. काही दिवसांनी मी तासाला बसल्या बसल्या गप्प पोरं टिपायला लागले, आणि रोज एक नाव त्यात असायचंच. दीपाली.

दीपाली पश्चिमेकडच्या डोंगरातली. घरी भात आणि नाचणी. त्यांच्या पाड्यावरची शाळा पाचवीपाशी संपते म्हणून ती इकडं मावशीकडं राहून शिकत होती. हसरी, स्वच्छ, वही नेटकी. पण वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पोर मंदच दिसते. सरांना तसं म्हणालेही. सर शाळा सुटल्यावर म्हणाले, "चला, चहा घ्यायला जाऊ."

चहा म्हणजे वस्तीवरचा चहा. आठवड्यातून दोनदा तरी ते शिकाऊंना कुणाच्या ना कुणाच्या घरी न्यायचे. अट एकच, तिथं अभ्यासाचा विषय काढायचा नाही. त्या दिवशी आम्ही दीपालीच्या मावशीकडं गेलो. ओट्यावर बटाट्याचा ढीग, मावशी आणि पोरं लहान-मोठा निवडत बसलेली. सरांनी बारदान टाकलं आणि विचारपूस न करता तेही निवडायला बसले. मीही बसले. आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. दीपाली नुसती बडबडत होती. मावसभावाला दटावत होती, "आरं, सडका हिकडं का टाकतो, डोळं हायेत का बटाटं?" कुत्र्याला हाकलत होती, मावशीच्या नकला करत होती.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "मंद हाये का?"

"नाही हो सर. मग वर्गात का बोलत नाही?"

"ती उत्तर आदी मनात दोनदा म्हणून बघती. तवर तुमी पुढं गेलेल्या असता."

आमच्या घरात गप्प बसलेल्या माणसाला आजारी समजतात. प्रश्न विचारल्यावर कुणी उत्तर दिलं नाही तर उत्तर आपोआप माझ्याच तोंडातून बाहेर पडतं. सर त्यावरून मला नेहमी टोचायचे. "ताई, तुमी विचारता पोरांना आन उत्तर देता सोताला."

शेवटी त्यांनी माझ्यावर इलाज शोधला. मी पाठ घेत असले आणि प्रश्न विचारला की ते उजवा तळवा बारदानावर पालथा टेकवायचे. तळवा टेकलेला आहे तोवर मी तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी तो तळवा इतका वेळ खाली राहिला की मला वाटलं सरांना डुलकी लागली. बाहेर कांद्याचा ट्रॅक्टर आला, गेला, त्याचा आवाज विरला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं काळजीनं विचारलं, "मॅडम, इसरल्या का?" मी ओठ दातांत धरून उभी. आणि मग, मी शपथेवर सांगते, ज्याचं नाव मी महिन्याभरात घेतलं नव्हतं अशा एका पोरानं हात वर केला. उत्तर चूक होतं, पण मांडणी त्याची स्वतःची होती. सरांचा तळवा उचलला गेला. बस, एवढंच. शाबासकीचा शब्द नाही.

शाबासकी हा प्रकार त्यांच्याकडं नव्हताच. आणखीही बरंच काही नव्हतं. त्यांना माझं नाव शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही, मागच्या वर्षीच्या कुणा मुलीच्या नावानं ते मला हाक मारायचे आणि मी ओ द्यायची. शेजारच्या वर्गातले शिक्षक त्यांच्यावर वैतागलेले असायचे, कारण सरांच्या वर्गातून बराच वेळ काही आवाज आला नाही की त्यांना वाटायचं सर आलेले नाहीत, आणि ते येऊन खिडकीतून डोकवायचे. स्टाफरूममध्ये ते कुणाच्या राजकारणात नसत, त्यामुळं कुणाच्या पंगतीतही नसत. पण मी एक पाहिलंय. एखादा भाग पोरांना कळला नाही असं दिसलं की ते उठायचे, बारदान झटकायचे आणि सरळ पोरांना म्हणायचे, "आज मला जमलं न्हाई." असं म्हणणारा दुसरा शिक्षक मला तोवर भेटला नव्हता, आणि त्यानंतरही फारसे भेटले नाहीत.

अंतिम पाठाचा दिवस उजाडला. सासूबाईंनी सकाळी कपाळाला अंगारा लावला. विषय होता ऋण संख्या, शून्याच्या खालच्या संख्या, सहावीचा वर्ग. वर्गाच्या दारात श्रावणी मला अडवून उभी. पोरांना सगळं ठाऊक होतं: आजचा पाठ, पुण्याचे परीक्षक, आणि मी बुडाले तर मला दुसरी संधी नाही हेसुद्धा. गावात काही लपत नाही.

"मॅडम, आमी ठरवलंय," ती कुजबुजली. "तुमी प्रश्न विचारला की समद्यांनी हात वर करायचा. ज्याला येतंय तो उजवा, ज्याला येत न्हाई तो डावा. तुमी फकस्त उजवंच विचारा. गेल्या सालच्या शिकाऊ सरांचं असंच केलं व्हतं, लई मार्क पडलं."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तेवढ्यात गाडी आली. पण खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला होता.

परीक्षक आणि आमच्या कॉलेजचे प्राध्यापक मागच्या बाकावर बसले. सर बारदान घेऊन आले आणि नेहमीच्या जागी, फळ्याखाली मांडी घालून बसले. परीक्षकांनी "हे कोण?" अशा अर्थानं भुवया उंचावल्या, तेव्हा प्राध्यापक ओशाळून म्हणाले, "ते असेच बसतात."

पाठ काय सुंदर सुरू झाला म्हणून सांगू! काश्मीरची थंडी आली, शून्याखालचं तापमान आलं, संख्यारेषा आली. प्रत्येक प्रश्नाला हातांचं रान माजायचं, आणि मी श्रावणीसारख्या हमखास येणाऱ्यांनाच उठवायची. परीक्षकांनी मान डोलावलेली मी पाहिली. मग मी विचारलं, "उणे तीन आणि उणे पाच, यांतली मोठी संख्या कोणती?"

पुन्हा सगळे हात वर. आता मी दुसऱ्या कुणाचा उजवा हात शोधत होते. आणि मला दिसलं, दीपालीचा हात उजवीकडं वर आहे! दीपालीला येतंय! मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, "दीपाली, तू सांग!"

दीपाली उभी राहिली. तिनं आधी स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. पहिल्या बाकावरून श्रावणीनं कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वर्गाकडं तोंड करून उभी होते. पोरांचा उजवा तो माझा डावा. जो हात माझ्या उजवीकडं होता तो दीपालीचा डावा हात होता.

यातून सुटका सोपी होती. "बस बाळ. दुसरं कोण सांगेल?" एवढंच म्हणायचं, श्रावणीला उठवायचं आणि पाठ पुढं न्यायचा. शब्द अगदी ओठांवर आले. पण माझी नजर खाली गेली, आणि सरांचा तळवा बारदानावर टेकलेला होता.

मी थांबले. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. प्राध्यापक खाकरले. अजून सराव घ्यायचा होता, समारोप करायचा होता, गृहपाठ द्यायचा होता, आणि यातल्या प्रत्येकाला मार्क होते. माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई, लेक आणि गोठा, सगळं येऊन गेलं. तरीही मी थांबले.

"मॅडम, मला हे न्हाई येत," दीपाली म्हणाली. स्पष्ट, वर्गभर ऐकू जाईल असं. मग आणखी थोड्या वेळानं, "पाच तर मोठं हायेत. नुसतं उणं लावलं की ल्हान कसं झालं?"

मी संख्यारेषेकडं बोट केलं, उजवीकडची संख्या मोठी असते म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली. मी दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली. आणि तास संपल्याची घंटा झाली.

परीक्षक उठले आणि बाहेर पडले. मी हातातला खडू टाकून त्यांच्यामागं धावले. स्टाफरूममध्ये त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुरुवात उत्तम होती. पण पाठ अपुरा राहिला. सराव नाही, समारोप नाही, गृहपाठ नाही. एका मुलीसाठी सगळा वर्ग खोळंबला." माणूस वाईट नव्हता, बोलणंही नियमाला धरून होतं. मार्क अजून द्यायचे होते. मी हात जोडायच्या बेतात होते. माझी गोष्ट सांगते, लेकीचं सांगते, काय वाटेल ते सांगते, पण आज सुटका करून घेते, असं चाललं होतं माझ्या मनात.

"ताई, वर्गात चला."

दारात सर उभे होते, काखेत बारदान. परीक्षक म्हणाले, "आमचं बोलणं चाललंय."

"चालू द्या साहेब. पर ती पोरगी अजून उभी हाये. तिला बस म्हणलंच न्हाई कुणी." मग माझ्याकडं वळून, "पुढचा तास माझा हाये. तुमी घ्या."

परीक्षकांच्या मागून प्राध्यापक मला डोळ्यांनी खुणावत होते: जाऊ नकोस, थांब, माफी माग. मी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा सरांकडं. आणि निघाले.

निकालाचं इथंच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पास झाले, अगदी काठावर. आता जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. सर निवृत्त झाले, झेंडू लावतात, मंचरच्या बाजारात कधी भेटले की मला अजून त्याच दुसऱ्या नावानं हाक मारतात. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी व्हरांडा ओलांडून मी वर्गाकडं गेले ती नापास झाले असं धरूनच गेले.

दीपाली उभी होती. मी म्हटलं, "बस ना गं."

"उभीच राहते, मॅडम. कळलं की बसते."

सर त्यांच्या जागी जाऊन बसले. मी फळा पुसला. संख्यारेषा, काश्मीर, सगळं पुसलं. मग दोन विहिरी काढल्या, माझ्या माहेरी होत्या तशा, कठडा आणि आत पाण्याची रेघ. म्हटलं, "जमीन म्हणजे शून्य. ह्या विहिरीचं पाणी जमिनीच्या तीन परस खाली, म्हणजे एकावर एक तीन पुरुष उभे राहतील इतकं. त्या विहिरीचं पाच परस खाली. वर कुणाचं पाणी?"

"तीनवालीचं," ती लगेच म्हणाली.

"मग उणे तीन आणि उणे पाच, मोठी कोण?"

आणि मी गप्प बसले. या वेळी मी खाली कुणाच्या हाताकडं पाहिलं नाही. दीपालीकडंच पाहत होते. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं. मागं कुणीतरी बाक सरकवला, श्रावणीनं त्याला डोळे वटारले.

"उणे तीन," दीपाली म्हणाली. "पाणी जितकं खोल, तितकी ल्हान. व्हय ना?"

"हो," मी म्हटलं.

ती बसायला वाकली, आणि अर्ध्यात थांबली. "मॅडम, तुमचं काय झालं? पास का?"

पोरांच्या माना माझ्याकडं वळल्या. खोटं बोलता आलं असतं. "माहीत नाही गं," मी म्हणाले. "पाठ पुरा झाला नाही ना आपला."

तिनं थोडा विचार केला. कुणी घाई केली नाही.

"मग उद्या परत घ्या की," ती म्हणाली. "आमी हाये."

मी फळ्याकडं तोंड केलं आणि कधीच पुसून झालेली जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिले.